सोकोरोचा एकटा साक्षीदार

२४ एप्रिल १९६४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या सोकोरो गावाबाहेर, भरधाव मोटारीचा पाठलाग सोडून लॉनी झमोरा हा पोलीस आकाशातल्या ज्वाळेकडे वळला. त्याला अंडाकृती पांढरी वस्तू आणि पांढऱ्या पोशाखातल्या दोन आकृती दिसल्या. एकट्याची साक्ष म्हणून ती फेटाळावी, हा आक्षेप इथे लंगडा पडतो. होरपळलेली झुडपे आणि जमिनीतले खळगे इतरांनीही पाहिले. अर्थात खळगे काहीतरी टेकल्याचे सांगतात, ते परग्रहावरचे होते असे नव्हे. स्थानिक विद्यार्थ्यांची खोडी हा तर्क मला अधिक पटण्याजोगा वाटतो, पण तोही पुराव्याने सिद्ध झालेला नाही. झमोरावर विश्वास ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ हायनेक हवाई दलाचेच सल्लागार होते, आणि त्या दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या उडत्या तबकड्यांच्या तपास प्रकल्पाने हे प्रकरण अनुत्तरित म्हणूनच नोंदवले.