ओगराळे, अस्वल आणि आठ तारे

अमेरिकेतील पन्नास राज्यांच्या ध्वजांचा तक्ता समोर ठेवला, तर बरीच राज्ये निळ्या कापडावर आपली राजमुद्रा छापून मोकळी झालेली दिसतात. चार हात दूर उभे राहिले की कोणता ध्वज कोणाचा हे सांगणे कठीण. अलास्काचा ध्वज मात्र लांबूनही ओळखू येतो. निळ्या रंगावर आठ सोनेरी तारे, बाकी काही नाही. हा ध्वज सातवीतल्या एका मुलाने काढला आहे. म्हणूनच तो आमच्या शिक्षक-वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

अलास्का अमेरिकेने १८६७ साली रशियाकडून ७२ लाख डॉलरला विकत घेतला. क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटींहून अधिक; वस्ती मात्र साडेसात लाखांच्या आतच. उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच शिखर देनाली (६१९० मीटर) येथेच आहे. पण १९५९ पर्यंत या प्रदेशाला राज्याचा दर्जा नव्हता. तेथील लोकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नव्हते आणि स्वतःचा ध्वजही नव्हता. गव्हर्नर जॉर्ज पार्क्स यांना वॉशिंग्टनमधील एका सरकारी इमारतीत राज्यांचे ध्वज लावलेले दिसले. त्यात अलास्काचा नव्हता. त्यांनी मनावर घेतले आणि अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने शाळकरी मुलांसाठी स्पर्धा जाहीर केली.

अनेक मुलांनी ध्रुवीय अस्वले काढली, मध्यरात्रीचा सूर्य काढला. बेनी बेन्सन हा सीवर्ड गावच्या अनाथाश्रमात राहणारा मुलगा. वडील स्वीडिश कोळी, आई तेथील मूलनिवासी वंशाची. तो लहान असतानाच ती वारली. त्याने काढले सप्तर्षी आणि ध्रुव. निळा रंग आकाशाचा आणि तेथल्या ‘फर्गेट-मी-नॉट’ या रानफुलाचा. ध्रुव हा उत्तरेकडील भावी राज्याचा. सप्तर्षी म्हणजे मोठे अस्वल, ते बळाचे प्रतीक. एवढेच त्याने चित्राखाली लिहिले होते. मे १९२७ मध्ये विधिमंडळाने ते चित्र स्वीकारले. एक घड्याळ आणि शिक्षणासाठी हजार डॉलर असे बक्षीस त्याला मिळाले. अलास्का पुढे कधीतरी राष्ट्रध्वजावरचा एकोणपन्नासावा तारा होईल, असे त्या कायद्यातच लिहून ठेवले होते. त्याला बत्तीस वर्षे लागली.

अमेरिकन माणसे या सात ताऱ्यांना ओगराळे म्हणतात. चार तारे वाटीचे, तीन दांड्याचे. त्यांचे अस्वल मात्र आपल्याला परके नाही. संस्कृतात ‘ऋक्ष’ म्हणजे अस्वल आणि ताराही. सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत, अशी नोंद शतपथ ब्राह्मणात आहे. ध्वजावर पुलह आणि क्रतु यांना जोडणारी रेषा पुढे वाढवली की ती आठव्या ताऱ्याकडे, म्हणजे ध्रुवाकडे जाते. आकाशातही तसेच आहे.

हे मुलांकडून करून घ्यावे. एप्रिल-मेच्या संध्याकाळी हात लांब करून मूठ धरली, तर ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. पुण्याहून ध्रुव क्षितिजाच्या वर दोन मुठींपेक्षाही थोडा कमी दिसेल, कारण पुण्याचे अक्षांश साडेअठरा. सीवर्डचे अक्षांश साठ, म्हणून बेनीला तो सहा मुठी वर दिसे. तेथे सप्तर्षी कधीच मावळत नाहीत, आपल्याकडे मावळतात. ज्या मुलाच्या डोक्यावर हे ओगराळे रात्रभर फिरत असे, त्याने तेच काढावे यात नवल नाही.

कायद्याने ध्रुवाला अढळ म्हटले, ते मात्र काटेकोर नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो. एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. पाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवस्थानी ठुबान नावाचा तारा होता, आणि आणखी बारा हजार वर्षांनी अभिजित त्या जागेच्या आसपास असेल.

राज्याची इतर चिन्हे नेहमीच्या पद्धतीची. वृक्ष सिटका स्प्रूस, मासा किंग सामन, खनिज सोने, जीवाश्म केसाळ मॅमथ. पक्षी विलो टार्मिगन मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. तित्तिराच्या कुळातला हा पक्षी उन्हाळ्यात तपकिरी असतो, हिवाळ्यात बर्फासारखा पांढरा होतो, आणि त्याच्या पायांच्या बोटांवरही पिसे असतात.

बेनी बेन्सन पुढे विमानांचा मेकॅनिक झाला आणि कोडिॲक बेटावर राहिला. १९७२ मध्ये तो वारला. सीवर्डच्या आश्रमाची इमारत १९६४ च्या भूकंपात खिळखिळी झाली. आश्रम अँकरेजला हलला आणि उरलेले अवशेष २०२० साली पाडले. कोडिॲकच्या विमानतळाला २०१३ पासून बेनीचे नाव आहे.