दौंड, डिकसळ, बारामती : तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून इतिहास

१/ ऐतिहासिक शहरे पाहण्यासाठी प्रवास करणे ही गोष्ट दीर्घकाळ सधनांची मिरास होती. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील उमरावांचे पुत्र रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस पाहण्यास निघत, तेव्हा सोबत शिक्षक व नोकर असत आणि प्रवास कित्येक महिने चाले. या प्रघाताला ‘ग्रँड टूर’ म्हणत. ही मिरास मोडली ती आगगाडीने, आणि त्याच काळात ती भीमेच्या काठीही पोहोचली. हा धागा त्या प्रवासाविषयी.

२/ इटलीतील पहिला लोहमार्ग १८३९ मध्ये नेपल्स ते पोर्तिची असा सुरू झाला. १८४१ मध्ये टॉमस कुकने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसांना एका शिलिंगात नेऊन आणले. १८६४ मध्ये त्याची पहिली सहल इटलीत गेली. एकट्याला न परवडणारा प्रवास समूहाला परवडतो, हे त्याच्या धंद्याचे मर्म होते.

३/ महाराष्ट्राला हे मर्म नवे नव्हते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळ्याची परंपरा सुरू केली. देहूहून पंढरपूरला जाणारी ती पालखी आजही बारामती, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते. दिंडीत शिधा सामाईक, मुक्काम सामाईक आणि सोबत गावची. अल्प खर्चातील समूहप्रवासाचे शास्त्र या दोन्ही तालुक्यांना आगगाडीपूर्वी पावणेदोनशे वर्षे ठाऊक होते.

४/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे मार्ग खुला झाला. बोरघाटातील चढ मात्र १८६३ पर्यंत अपुरा होता. तोवर घाट पायी, पालखीत वा बैलगाडीने ओलांडून प्रवासी पुढची गाडी धरीत. त्या घाटाच्या कामात हजारो मजूर मृत्युमुखी पडले.

५/ पुण्याहून मार्ग पूर्वेकडे सरकला आणि डिसेंबर १८५८ मध्ये दौंडमार्गे डिकसळपर्यंत पोहोचला. डिकसळ हे भिगवणजवळचे, इंदापूर तालुक्यातील भीमाकाठचे गाव. सुमारे दहा महिने या मार्गाचे पूर्वेकडील शेवटचे स्थानक म्हणजे हेच गाव होते. ऑक्टोबर १८५९ मध्ये गाडी भीमा ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला गेली, आणि जून १८६० मध्ये सोलापूरला.

६/ भीमा ओलांडल्यामुळे लोहमार्ग नदीच्या उत्तरेस गेला. इंदापूर दक्षिणेस राहिले. तालुक्यात रेल्वे आली, परंतु तालुक्याच्या गावाला स्थानक मिळाले नाही. वारकऱ्यांची वाट इंदापुरातून गेली आणि आगगाडीची वाट त्याला वळसा घालून गेली. या एका वळणाने पुढे कोणते गाव सहज ‘पाहिले’ जाईल हेही बऱ्याच अंशी ठरवले.

७/ या गाड्यांत कोण बसले? हिंदुस्थानातील लोक आपले जातिनियम बाजूला ठेवून एका डब्यात बसतील काय, अशी शंका तेव्हा घेतली जात होती. लोकांनी तिसऱ्या वर्गाचे डबे भरून तिला उत्तर दिले. प्रवाशांपैकी बहुसंख्य याच वर्गाचे होते. सोयी मात्र त्या मानाने अगदी तुटपुंज्या. १९१७ मध्ये गांधीजींनी याच वर्गातील हालांवर स्वतंत्र निबंध लिहिला. ‘तिसरा वर्ग’ हे नाव भारतीय रेल्वेतून गेले ते १९७४ मध्ये.

८/ बारामतीची कथा निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघर धरण व नीरा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणप्रवण रानात ऊस उभा राहिला. उसामागून गूळ आला आणि गुळामागून बाजारपेठ. पिकाला वाहन हवे होते. १९१४ मध्ये दौंड ते बारामती हा सुमारे ४४ किलोमीटरचा, अडीच फुटी अरुंदमापी फाटा सुरू झाला. पुढे तो रुंदमापी झाला.

९/ या फाट्याच्या शेवटी उतरणाऱ्याला काय दिसते? कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा. बारामतीचे नाईक हे पेशवाईतील मातबर सावकार. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई याच घरात दिलेली. तरीही १७४० मध्ये बाजीरावाच्या मृत्यूनंतर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी नाव पुढे केले ते बाबूजी नाईकांचे. शाहू महाराजांनी वस्त्रे दिली बाजीरावाचे पुत्र बाळाजी यांना. निर्णय उलटा झाला असता, तर मराठी सत्तेच्या इतिहासात बारामतीचे स्थान वेगळे असते.

१०/ याच नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) बारामतीत राहिले. आर्या या वृत्ताला त्यांनी मराठीत जी प्रतिष्ठा दिली, ती याच गावात बसून. सावकारी, राजकारण आणि पंडिती काव्य यांचा संबंध पुस्तकात शोधावा लागतो. येथे तो अर्ध्या दिवसात पायी फिरून कळतो.

११/ इंदापूर त्याहून जुन्या काळात नेते. निजामशाहीच्या सेवेतील मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. पुढे पुणे, सुपे, चाकण यांच्यासह इंदापूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. शिवरायांच्या आजोबांचे हे रणक्षेत्र पुण्यापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे. गडांवर शनिवार-रविवार जी गर्दी लोटते, तिचा लहानसा अंशही इकडे वळत नाही.

१२/ याच तालुक्यातील वालचंदनगरचे संस्थापक वालचंद हिराचंद यांची उद्योजकता रेल्वेच्या कंत्राटांतून घडली. लक्ष्मणराव फाटक यांच्यासह त्यांनी घेतलेले आरंभीचे काम बार्शी लाइट रेल्वेचे. लोहमार्ग बांधणारा कंत्राटदार पुढे कालव्याच्या पाण्यावर साखर उभी करतो, हा या प्रदेशाचा विसाव्या शतकातील इतिहास होय.

१३/ १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी मागे फुगले. जुने पळसदेव, जुने भिगवण पाण्याखाली गेले. पाणी उतरले की पळसनाथाच्या प्राचीन मंदिराचे शिखर आणि पुढे मंडपही उघडा पडतो. लोहमार्ग नव्या वाटेने हलवावा लागला. डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल मात्र राहिला, आणि पुणे व सोलापूर जिल्ह्यांना जोडणारी रस्त्यावरची वाहतूक त्यावरून सुरू झाली.

१४/ खरा प्रश्न येथे आहे. वाड्याला नाईकांचे नाव आहे, रणक्षेत्राला मालोजीराजांचे. डिकसळच्या पुलाचे दगड रचणाऱ्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत, त्यावरून गेलेल्या तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचीही नाहीत. अशी वास्तू ‘स्मारक’ ठरण्यापूर्वी ‘धोकादायक बांधकाम’ ठरते. पाहणारे कोणी नसेल, तर तिच्या जाण्याची नोंदही राहणार नाही.

१५/ चार मित्रांना दोन दिवसांत हे सारे घडू शकते. शनिवारी पुण्याहून दौंडमार्गे साध्या गाडीने बारामती : नाईकांचा वाडा, कऱ्हेचा घाट, काशीविश्वेश्वर व सिद्धेश्वर मंदिरे. रविवारी एसटीने निमगाव केतकीवरून इंदापूर, म्हणजे प्रत्यक्ष पालखीमार्गाने. तेथून सोलापूर-पुणे रस्त्याने पळसदेव व डिकसळ, आणि भिगवणहून परतीची गाडी. पळसनाथ पाहायचा असेल, तर उन्हाळ्याचे शेवटचे आठवडे निवडावे. निघण्यापूर्वी गाड्यांच्या वेळा व उजनीची पाणीपातळी पाहून घ्यावी.

१६/ वहीत दोन नकाशे काढून न्यावे : एक वारीच्या वाटेचा, दुसरा १८५८ च्या लोहमार्गाचा. ते एकमेकांवर ठेवले की इंदापूर मागे का पडले आणि बारामती पुढे कशी आली, याचे निम्मे उत्तर हाती येते. उरलेले कालव्याच्या कडेने फिरताना मिळते.

(धागा समाप्त)