थोडंसंच रक्त

माझं आजोळ बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं. मी लहान असताना तिथे भांडणात एकाला छातीत सुरी लागली. मामा अजून सांगतात, "रक्त काय फार नव्हतं रे, बोलत होता की चांगला." सकाळी अंबाजोगाईला न्यायचं ठरलं. सकाळ व्हायच्या आत तो गेला.

ते 'थोडंसंच रक्त' डोक्यातून जाईना, म्हणून परवा शनिवारी वाचत बसलो.

हृदयाला टाके घालता येतात हे एकोणिसाव्या शतकात बहुतेक सर्जनना पटत नव्हतं. ९ सप्टेंबर १८९६ रोजी फ्रँकफर्टला लुडविग रेन यांनी भोसकल्या गेलेल्या एका २२ वर्षांच्या माळ्याच्या हृदयाला रेशमाचे ३ टाके घातले. माळी जगला! १९०२ साली अमेरिकेत अलाबामामध्ये ल्यूथर हिल यांनी १३ वर्षांच्या मुलाचं असंच ऑपरेशन केलं, तेही घरातल्या टेबलावर, रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात.

आता मामांचं कोडं. हृदयाभोवती एक चिवट पिशवी असते. जखमेतलं रक्त बाहेर न येता तिच्यात साठतं आणि हृदयालाच आवळतं. म्हणजे लॉग स्वच्छ, पण सर्व्हर बसत चाललाय! १९३५ साली क्लॉड बेक यांनी याच्या ३ खुणा सांगितल्या: रक्तदाब पडणं, मानेच्या शिरा फुगणं, हृदयाचे ठोके दबके ऐकू येणं. तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही, म्हणून आता कॅज्युअल्टीत सोनोग्राफीचा प्रोब आधी छातीवर ठेवतात. सुईने थोडं रक्त काढलं तर जरा वेळ मिळतो, पण खरा इलाज म्हणजे छाती उघडून टाके घालणं.

आपल्या हातात काय? रुतलेली सुरी उपसायची नाही, तीच कधी कधी भोक बुजवून धरते. पाणी पाजायचं नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ची अँब्युलन्स आहे, तिला फोन करायचा. अंबाजोगाईला तर सत्तरच्या दशकापासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं मेडिकल कॉलेज आहे. पण आष्टीकराला ते जिल्ह्याचं दुसरं टोक, त्याला अहिल्यानगर जवळ. कुठे जायचं हा विचार गाडीत बसल्यावर करायचा नसतो.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे रातच्यालाच न्यायला पाहिजे होतं."

असो.