आजोबांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायचीय? रंगाआधी या ५ गोष्टी करा

नाशिकमध्ये जुन्या घराच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली एखादी ‘प्रीमियर पद्मिनी’ अजूनही दिसते. १०८९ सीसी इंजिनाची ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने बनवली. ती दुरुस्त करायची ठरली की बहुतेक जण आधी पेंटरकडे जातात. चूक तिथेच होते, कारण रंग हे शेवटचं काम आहे.

१. आधी कागदपत्रं
आरसी बुक कुणाच्या नावावर आहे? मालक हयात नसतील तर आधी वारसांच्या नावावर करून घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे ती दर ५ वर्षांनी वाढवावी लागते. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळवून पाहा. तो गंजून पुसला असेल, तर खर्च करण्यापूर्वी आरटीओत चौकशी करा.

२. जुनी म्हणजे ‘विंटेज’ नव्हे
२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेली, मूळ स्वरूपातली गाडीच विंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण ती रोज चालवता येत नाही. १९८५ किंवा १९९५ची पद्मिनी यात बसत नाही.

३. पत्रा तपासा
मॅट उचला. फ्लोअर, दारांची खालची कड, डिकीचा तळ इथे पावसाचं पाणी साचतं. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. आरपार गेला तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करायला सांगा. गंजावर नुसती लांबी भरली, तर तो आतून वाढत राहतो.

४. थेट स्टार्टर मारू नका
वर्षानुवर्षं बंद इंजिनात पिस्टन चिकटलेले असू शकतात. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा, एक-दोन दिवस थांबा आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, कार्बोरेटर साफ करा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने जुने रबरी पाइप खराब होतात. ते बदलताना इथेनॉलला टिकणारेच घ्या.

५. आधी ब्रेक, मग फेरी
व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे रबर किट आणि ब्रेक पाइप बदला. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेलं असतं. गाडी चालू झाल्याच्या आनंदात या टायरवर कसारा घाट उतरू नका.

सुटे भाग कुठे मिळतील?
कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर बाजारात शोधा. लेथ आणि मशिनिंगची कामं सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत होऊ शकतात. काढलेला प्रत्येक भाग फोटो काढून, चिठ्ठी लावून ठेवा. नवा मिळाला नाही, तर तोच नमुना म्हणून कामी येतो.

हे सगळं झालं की मग खुशाल रंग निवडा.