छंदही औषधच

पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज संस्था निघाली. पुढं ती पुण्याच्या खडकीत आली. तिथं पोटापाण्याचं काम शिकवत. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. या उपचारात रोजच्या कामांइतकाच छंदही मोलाचा. खडकीतच १९७४ पासून कण्याला इजा झालेल्या जवानांचं केंद्र आहे. हात चालत नाहीत, तर तोंडात कुंचला धरून तिथं चित्रं काढली जातात. गिटार वाजवताना बोटं हलतात, मनही रमतं. आपल्याकडं टाळ आहेत. लकवा झालेल्या सासूबाईंना आपण ‘पडून राहा’ म्हणतो. त्याऐवजी विचारू या, ‘तुम्हाला काय करावंसं वाटतं?’