भाकर घेता का पोळी?

सन 1937, मार्गशीर्षाची थंडी. दत्तजयंती तोंडावर आहे आणि तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या बाजारात बंडीतून उतरता. माहूरला निघालेल्या बंड्या झाडांखाली सुटल्यात. ज्यांच्यासोबत बायामाणसं आहेत त्यांनी तीन दगड मांडून गोवऱ्यांच्या आरात रोडगे घातलेत. तुम्ही एकटे, शिदोरी कालच संपलेली. कोणीतरी एका ओसरीकडे बोट दाखवतं. तिथली म्हातारी चार पैसे घेऊन जेवायला घालते म्हणे. पाटी नाही, नाव नाही. चुलीचा धूर तेवढा दिसतो.

ओसरीवर पाय ठेवण्याआधीच आतून सवाल येतो, ‘‘कोन्या घरचे तुम्ही?’’

उत्तर द्यावंच लागेल. माजघराजवळ पाट मिळतो, ओसरीवर बसायचं, की अंगणात पत्रावळ पुढे धरून वरून टाकलेली भाकर झेलायची, ते त्या उत्तरावर ठरणार. पूर्वीच्या जेवणाची सर आताच्या जेवणाला नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या अंगणात बसून पाहावं.

जेवण मात्र खरंच उत्तम आहे. पळसाच्या पत्रावळीवर ज्वारीची भाकर, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, जवसाची चटणी आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. कांदा बुक्कीने फोडायचा. शेजारचा यात्रेकरू पैनगंगेपलीकडचा, निजामाच्या मुलखातला. जेवण झाल्यावर तो कनवटीचं नाणं काढतो. म्हातारी ते उलटसुलट करून परत करते, ‘‘हाली नाही चालत बाबा, कलदार दे.’’ हाली निजामाचा रुपया, कलदार इंग्रजांचा. हिशेब तिला पाठ आहे: सहा कलदारांना सात हाली. नदी एवढीशी, पण तिच्या दोन काठांवर दोन रुपये.

आता 1951 मध्ये या. 26 जानेवारी 1950 पासून राज्यघटना लागू झाली आहे. समतेचा मोघम उच्चार करून ती थांबलेली नाही. पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट अशी नावंच घेतली आहेत. कुठे अडवतात हे लिहिणाऱ्यांना नीट ठाऊक होतं. ओसरीवर आता बाकडं आलंय, चहाही मिळतो. ‘कोन्या घरचे’ हे मोठ्याने कोणी विचारत नाही. पण बाहेरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप पालथा घातलेला आहे. ज्याच्यासाठी तो ठेवलाय त्याला तो स्वतःच विसळावा लागतो. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा पुढे 1955 मध्ये झाला, म्हणून कप दुसऱ्या दिवशी आत गेला असं समजू नका.

1972. चुलीपुढे आता म्हातारीची सून आहे. राज्यभर दुष्काळ. परातीतलं पीठ तांबूस दिसतं, ते मिलोचं. ही लाल ज्वारी अमेरिकेतून आली आहे आणि तिकडे ती गुरांना घालतात, हे जेवणाऱ्यांना माहीत आहे. तरी ते जेवतात. सुनेचे हात बघत बसा. आधणाचं पाणी घालून ती पीठ मळते, तळव्याच्या टाचेने रगडते, गोळा परातीत ठेवून थापायला लागते. कडेला चीर पडली की ओल्या बोटाने सांधते. भाकर तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवते, पाणी आटायच्या बेताला उलटते, मग चुलीच्या तोंडाशी आराला टेकवते. भाकर टम्म फुगते. मिलोचीसुद्धा.

खाणावळीत गप्पा मुख्यमंत्र्यांच्या. वसंतराव नाईक म्हणजे जवळच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, घरचाच माणूस. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं ते 1965 मध्ये पुण्यात शनिवारवाड्यावर बोलले होते. हायब्रीड ज्वारी त्याच काळात शिवारात शिरली. कणीस भरघोस, पण काढणीला पाऊस आला की दाणा काळा पडायचा. ‘‘पोट भरते, पन गोडी नाही,’’ असं एक म्हातारा म्हणतो आणि तिसरी भाकर मागतो.

1995 कडे नुसतं डोकावून पुढे चला. सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढलीत. खाणावळीत टीव्ही आला आहे, जेवण स्टीलच्या ताटात. कोनाडा प्लॅस्टर करून बुजवलाय.

आणि आजचा बाजार. जागा दिसेल तिथे बसा, कोणी काही विचारत नाही. विचारतात ते एवढंच, ‘‘भाकर घेता का पोळी?’’ पोळी थाळीत धरलेली, भाकरीचे पैसे वेगळे. शिवारात कापूस आणि सोयाबीन आहे. ज्वारी पेरली तर पाखरं, रोही आणि रानडुकरं मालकाच्या आधी जेवतात. कापणी-मळणीला माणसं मिळत नाहीत. राहिलेली ज्वारी 2023 च्या भरडधान्य वर्षानंतर शहरातल्या मोठ्या हॉटेलांत मानाने वाढली जाते. तिची चाड वाटणाऱ्यांत तिथले लोक जास्त आहेत, ही त्यातली गंमत.

भाकर मागाच. पण ती करून ठेवता येत नाही. गार झाली की चिवट होते, म्हणून प्रत्येक भाकरीला कोणीतरी चुलीपुढे बसलेलं लागतं. आजही ती घरचीच सून आहे, गॅस असूनही भाकरीपुरती चूल पेटवणारी. बाजाराच्या गर्दीत घाई करू नका, जमलं तर सकाळीच सांगून ठेवा. आणि चार जणांच्या जेवणात भाकरीचे पैसे वेगळे लावले, तर घासाघीस करू नका.