पंचगंगेकाठचा समुद्रदेव

कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयाचा विषय निघाला की पोसायडनच्या छोट्या कांस्यमूर्तीचा उल्लेख होतोच. ग्रीकांचा हा समुद्रदेव सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी सापडावा, याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. मात्र बहुधा आपण त्या नवलापाशीच थांबतो आणि स्थानिक इतिहास कशाला म्हणावे, हा प्रश्न तसाच राहतो.

नदीकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४४-४५ मध्ये प्रा. के. जी. कुंदणगार यांनी आणि १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. मिळालेल्या वस्तूंसाठी १९४६ मध्ये संग्रहालय स्थापन झाले आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलमध्ये आले. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली ही इमारत गॉथिक शैलीची, म्हणजे तीही परक्या वळणाचीच. आज कोल्हापूरकर तिला परकी मानत नाहीत.

पोसायडन ज्या कांस्यवस्तूंच्या साठ्यात सापडला, त्याच साठ्यात स्वारांसह घडवलेला एक हत्तीही होता. सातवाहनकाळात कोकणातील बंदरे घाटवाटांनी देशाशी जोडलेली होती आणि भूमध्य समुद्राकडील माल त्या वाटांनी वर येत असे. समुद्रदेव आणि हत्ती ही दोन्ही शिल्पे एकाच गावात जपली गेली. पोसायडन तेवढा बाहेरचा आणि हत्ती तेवढा आपला, ही वाटणी नंतरची, आपली आहे. उत्खननाने दाखवलेल्या गावाला ती लागू पडत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला हे सहज पटावे. संहितेतून उचललेला उतारा कितीही सुंदर असला तरी मागचीपुढची पाने नसतील तर त्याचा अर्थ पांगळा होतो. पोसायडनची मागचीपुढची पाने ब्रह्मपुरीतच आहेत : सातवाहनकालीन विटांची घरे, मातीची भांडी आणि वरच्या, बहमनी काळातील थरात मिळालेल्या रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे. त्या बांगड्या कोणाच्या हातातल्या, हे कोणतीही पाटी सांगणार नाही. पण तो हात कोल्हापुरातलाच होता.

एखाद्या गावात काय निर्माण झाले, एवढ्यावर त्याचा इतिहास संपत नाही. त्या गावाने काय स्वीकारले, काय वापरले आणि काय जपले, हेही त्यात येते. या संग्रहालयात जाणाऱ्याने पोसायडन अवश्य पाहावा. परंतु त्या बांगड्यांसमोरही तेवढाच वेळ थांबावे.